मुंबई–लंडन : अंतर एकच असताना जाण्या-येण्याचा वेळ वेगळा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांसाठी मुंबई–लंडन थेट विमानाची तिकिटे काढताना आपण दोन्ही विमानतळांमधले अंतर शोधले, तेव्हा एके ठिकाणी ७,१९० तर दुसरीकडे ७,२१० किलोमीटर असा आकडा मिळाला. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर प्रवास आठ तासांत आटोपायला हवा. तिकिटावर मात्र जाताना ९ तास ५० मिनिटे आणि येताना ८ तास ४५ मिनिटे दिसतात. शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपणहून विमानाच्या दिशेने सरकत असते, मग जातानाच वेळ जास्त का लागावा, अशी शंकाही आपण विचारली आहे. मी गेली बावीस वर्षे उड्डाण-नियोजनाच्या टेबलावर, म्हणजे ज्याला आमच्याकडे डिस्पॅच म्हणतात त्या कामात, घालवली आहेत आणि नेमक्या याच मार्गाचे आराखडे कित्येकदा तयार केले आहेत, म्हणून उत्तर याच मार्गाच्या आधारे देतो.

अंतराच्या आकड्यांतला वीस किलोमीटरचा फरक फारसा मनावर घेऊ नये. पृथ्वी पूर्ण गोल मानून, तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून केलेले गणित आणि ती ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे हे लक्षात घेऊन केलेले गणित यांत तेवढा फरक पडतोच. काही संकेतस्थळे विमानतळाऐवजी शहराचा मध्यबिंदू धरतात, त्यानेही काही किलोमीटर इकडेतिकडे होतात. मोठा घोळ होतो तो एका शहराला दोन विमानतळ असतील तेव्हा. मुंबई–गोवा हे अंतर दाबोळीपर्यंत सुमारे ४२५ किलोमीटर आहे, तर मोपापर्यंत सुमारे ३८७. वेळापत्रकात मात्र दोन्हीकडे साधारण सारखाच वेळ लिहिलेला असतो. तो तसा का, हे पुढे येईलच.

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो यांच्यातले सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे आमच्या मोजमापात ३,८९० नॉटिकल मैल आहे. (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) हे अंतर बृहद्वृत्तावरचे आहे. बृहद्वृत्त म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर घरातला पृथ्वीगोल घ्या, मुंबईवर एका बोटाने दोऱ्याचे टोक दाबून धरा आणि दुसरे टोक लंडनवर नेऊन दोरा ताणा. ताणलेला दोरा जिथून जातो ती सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर आपल्याला वाटते की विमानाने मुंबईहून बरेचसे पश्चिमेकडे तोंड करून निघावे. त्या रेघेवरून एकच दिशा धरून गेलो, तर सुमारे ७,४०० किलोमीटर पडतात. दोरा मात्र निघतानाच चांगला वायव्येकडे वळलेला दिसतो. तो सौराष्ट्र आणि कच्छवरून जातो, जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून पाकिस्तानात शिरतो, बलुचिस्तान आणि पूर्व इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकाला पोचतो आणि तिथून कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन असे करत प्रागच्या आसपासहून लंडनला जातो. न्यूयॉर्कच्या बाबतीत सपाट रेघ आणि दोरा यांच्यातला फरक दीड हजार किलोमीटरांहून अधिक होतो, म्हणूनच तिकडे जाणारा प्रवासी विमानातल्या पडद्यावर वाट उत्तरेकडे कमानीसारखी वाकलेली पाहून चकित होतो.

आता ही गावे वाचतानाच आपल्या लक्षात आले असेल की या वाटेने आज विमान नेता येत नाही. युक्रेनची हवाई हद्द २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतही ती बंद होती. त्यामुळे मुंबईहून निघालेले विमान बहुधा अरबी समुद्रावरून थेट ओमानच्या दिशेने जाते, आखातावरून इराक आणि तुर्कस्तान असे वर चढते आणि मग युरोपात शिरते. जून २०२५ मध्ये काही दिवस इराण आणि इराक या दोन्ही देशांचे आकाश बंद होते, तेव्हा वाट आणखी दक्षिणेकडून, सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून काढावी लागली. नेहमीच्या दिवसात ओमानकडचा मार्ग सुमारे ४,१०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे ७,६०० किलोमीटरचा भरतो. आपल्या आठ तासांच्या गणितात पहिली अर्ध्या तासाची भर इथेच पडली. मुंबईकरांचे त्यातल्या त्यात बरे, कारण मुंबई समुद्रावर आहे आणि वळसा तुलनेने लहान पडतो. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेकडे येऊन मग पश्चिम धरावी लागते.

परंतु जाणे आणि येणे यांतला तासाभराचा फरक वळशामुळे पडत नाही, कारण वळसा दोन्ही वेळेला साधारण तेवढाच असतो. तो फरक वाऱ्याचा आहे.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग जमिनीच्या तुलनेत नसून भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. या मार्गावरची लांब पल्ल्याची विमाने ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असल्याने तिथे ध्वनीचा वेगच कमी होतो, आणि हिशेब येतो साधारण ४८५ नॉट, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या थोडा अलीकडे. (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल.) ही हवा जर स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल, तर नदीतल्या होडीसारखी विमानाची गत होते. वल्हवण्याचा जोर तोच, पण प्रवाहाविरुद्ध काठ हळू सरकतो आणि प्रवाहाबरोबर झपाट्याने. भारताच्या उत्तर भागापासून इराण, इराक, तुर्कस्तानपर्यंत हिवाळ्यात बारा किलोमीटरच्या आगेमागे उपोष्ण पश्चिमी जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो आणि त्याच्या गाभ्यात शंभर नॉटहून अधिक वेग मुळीच दुर्मीळ नाही.

पृथ्वीच्या फिरण्याबद्दलच्या आपल्या शंकेचे उत्तरही यातच आहे. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्याभोवतीची हवा मागे राहत नाही, ती तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेतच असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात आपण इंजिनाच्या दिशेने चाललो काय किंवा मागे चाललो काय, पावले तेवढीच पडतात, तसे हे आहे. गंमत अशी, की विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच पूर्वेकडे वळते आणि जेट प्रवाह तयार होतो. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने लंडनला जाणाऱ्याला मदत तर होत नाहीच, उलट आडवळणाने अडथळा होतो.

आता आकडे मांडतो. मार्ग ४,१०० नॉटिकल मैल, विमानाचा हवेतला वेग ४८५ नॉट. वारा अजिबात नसेल तर ८ तास २७ मिनिटे. सगळ्या वाटेवर सरासरी ४० नॉटचा वारा समोरून असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग ४४५ नॉट उरतो आणि ९ तास १३ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल, तर वेग ५२५ नॉट होतो आणि ७ तास ४९ मिनिटांत काम होते. म्हणजे वाऱ्याने जाताना ४६ मिनिटे खाल्ली आणि येताना ३८ मिनिटेच परत दिली. पुष्कळ जण समजतात की जाण्या-येण्यात वारा फिटंफाट होतो. तो होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते आणि पाठच्या वाऱ्यातून लवकर बाहेर पडते.

डिस्पॅचर याच गोष्टीकडे वेगळ्या रीतीने पाहतो, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच आहे. उड्डाणापूर्वी वैमानिकाच्या हाती जो आराखडा जातो, त्याच्या पहिल्याच पानावर दोन अंतरे छापलेली असतात, एक जमिनीवरचे आणि दुसरे हवेतले. हवेतले अंतर म्हणजे वाऱ्यासकट विमानाने प्रत्यक्ष किती हवा कापली त्याचे माप. वरच्या उदाहरणात जमिनीवरचे अंतर दोन्ही वेळेला ४,१०० आहे, पण हवेतले अंतर जाताना सुमारे ४,४७० आणि येताना सुमारे ३,७९० नॉटिकल मैल भरते. हा फरक साडेबाराशे किलोमीटरांचा आहे. परतीच्या विमानाने वळसा घालूनही कापलेली हवा, दोरा ताणून मिळणाऱ्या ३,८९० नॉटिकल मैलांपेक्षाही कमी असते! इंजिनाला आणि इंधनाला हेच अंतर कळते. म्हणून मुंबई–लंडन आणि लंडन–मुंबई ही आमच्या हिशेबी दोन वेगळ्या लांबीची उड्डाणे आहेत.

हा कागद पाहण्यासारखा असतो. एकाखाली एक मार्गबिंदूंची पाच-पाच अक्षरी नावे, त्यांच्यासमोर उंचीची पातळी, तापमान, वारा, वेग आणि त्या बिंदूवर टाकीत उरलेले इंधन. वाऱ्याच्या रकान्यात २८०/०८५ असे लिहिले असेल, तर वारा २८० अंशांकडून, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडून, ८५ नॉटने येतो आहे असे समजायचे. पानाच्या वर सरासरीचा आकडा असतो. एम ०४० म्हणजे उणे चाळीस, वारा समोरून, आणि पी ०४० म्हणजे अधिक चाळीस, वारा पाठीशी. अनुभवी वैमानिक कागद हातात घेतल्यावर इंधनाच्या आकड्यानंतर आधी हे अक्षर पाहतो.

कामाला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एका रात्री दोन मार्गांमधून नव्वद नॉटिकल मैलांनी आखूड असलेला मार्ग निवडला आणि कागद वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी फक्त वाऱ्याच्या आकड्यावर पेन्सिलीने गोल काढला आणि कागद परत दिला. आखूड मार्ग जेट प्रवाहाच्या गाभ्यातून जात होता आणि तिथे सरासरी उणे ५२ होते. लांब मार्गावर उणे ३०. हिशेब केला तेव्हा लांबचा मार्ग पंधरा मिनिटांनी लवकर पोचवत होता आणि सव्वा टनाच्या आसपास इंधनही वाचत होते. तेव्हापासून कोणी मला नुसते अंतर विचारले, की मी आधी महिना विचारतो.

महिन्याला महत्त्व आहे, कारण हा प्रवाह वर्षभर एका जागी नसतो. डिसेंबर ते मार्च तो हिमालयाच्या दक्षिणेला, आपल्या मार्गाच्या नेमका आडवा येतो. जून संपता संपता तो तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून वाहणारा वेगळा प्रवाह तयार होतो, ज्याचा आपल्या मान्सूनशी जवळचा संबंध आहे. त्यामुळे पावसाळ्यात मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला अरबी समुद्रावर चक्क पाठीशी वारा मिळू शकतो. जुलैमध्ये जाणे-येणे यांतला फरक जानेवारीइतका राहत नाही. विमान कंपन्या वेळापत्रक दोन हंगामांत विभागतात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. वेळेचे आकडे बदलतात त्यामागे ब्रिटनच्या घड्याळाबरोबर हेही कारण असते.

घड्याळावरून आठवले. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात आणि ब्रिटन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात दुपारी दोनला निघून त्याच संध्याकाळी ६.२० ला पोचणारे विमान ४ तास २० मिनिटे अधिक साडेपाच तास, म्हणजे ९ तास ५० मिनिटे घेते. येताना रात्री ८.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०.४५ ला पोचणारे विमान १४ तास १५ मिनिटे उणे साडेपाच तास, म्हणजे ८ तास ४५ मिनिटे घेते. हेच गणित उन्हाळ्याच्या तिकिटाला लावताना साडेपाच वापरले, की एक तासाची चूक होते. मी ती उच्चशिक्षित माणसांनाही करताना पाहिले आहे.

आता माझ्या हिशेबातले ९ तास १३ मिनिटे आणि तिकिटावरचे ९ तास ५० मिनिटे यांच्यामधली ३७ मिनिटे कुठे गेली ते पाहू. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते, त्याची दहा-बारा मिनिटे धरावी लागतात. उरलेला वेळ जमिनीवरचा आहे. तिकिटावरचा वेळ चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. त्या ठोकळ्यांना आम्ही चॉक म्हणतो आणि या वेळेला ब्लॉक टाइम. प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदल्या जातात : विमान फलाटावरून हलले, चाके धावपट्टीवरून सुटली, चाके टेकली, विमान फलाटाला लागले. दोरा ताणून आणि वारा मोजून फक्त मधल्या दोन वेळांमधले अंतर सांगता येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमान रांगेत उभे राहते. हीथ्रोला गर्दी असेल, तर विमानाला बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, ऑकम किंवा बिगिन यांपैकी एका ठिकाणी घिरट्या घालायला लावतात. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. वेळापत्रक बनवणारा हे सगळे आधीच्या हंगामांच्या नोंदींवरून धरतो आणि वर थोडी मोकळीक ठेवतो. परतीच्या प्रवासात माझा हिशेब साडेआठ तासांच्या आत येतो आणि तिकीट पावणेनऊ म्हणते, ते यामुळेच : पाठचा वारा रोज मिळेल याच्या भरवशावर वेळापत्रक छापता येत नाही.

अंतर जितके कमी, तितका हा जमिनीवरचा वाटा मोठा. मुंबई–दिल्ली अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. ताशी ८३० किलोमीटर वेगाच्या विमानाला कागदावर सव्वा तासाच्या थोडे वर लागायला हवेत. प्रत्यक्षात विमान हवेत दीड ते पावणेदोन तास असते आणि तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेले असते. मोपा आणि दाबोळीचेही तेच. अडतीस किलोमीटर म्हणजे हवेत तीन मिनिटे, आणि मुंबईच्या धावपट्टीपाशी रांगेत एक विमान पुढे असले तरी तेवढी सहज जातात.

घरच्या घरी अंदाज करायचा असेल, तर लांब पल्ल्याला नकाशावरच्या अंतरात पाच टक्के वळसा मिळवावा, पश्चिमेकडे जाताना ताशी ८२५ आणि पूर्वेकडे येताना ताशी ९७० किलोमीटरने भागावे, आणि वर पाऊण तास धरावा. मुंबई–लंडनसाठी असे केले तर जाताना सुमारे दहा तास आणि येताना साडेआठ तास येतात, जे तिकिटापासून पाव तासाच्या आत आहे. दक्षिणोत्तर प्रवासाला हे आकडे लावू नयेत, आणि अमेरिकेच्या मार्गाला तर नाहीच, कारण तिथे दोन्ही दिशांचे मार्गच वेगळे असू शकतात.

आई-वडील परत येतील त्या दिवशी त्यांना घ्यायला जाताना तिकिटावरची वेळ न धरता, विमान लंडनहून आपल्या घड्याळाप्रमाणे प्रत्यक्ष कधी उडाले ते पाहा आणि त्यात आठ तास दहा मिनिटे मिळवा. हिवाळ्यात वारा जोराचा असला तर विमान वीस मिनिटे आधीही टेकू शकते, पण त्यासाठी घाई करून घर सोडण्याची गरज नाही. आधी पोचलेल्या विमानाचा फलाट कित्येकदा रिकामा नसतो, आणि त्यानंतर इमिग्रेशन आणि बॅगांचा पट्टा यात वयस्क माणसांना पाऊण तास तरी जातोच.